तारापूरची भिंत आणि भिलाईचे पाणी

अणुभट्टीवर विमान कोसळले तर काय होईल, हा प्रश्न निघाला की एक जुनी चित्रफीत पुढे केली जाते. 1988 मध्ये अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने फँटम लढाऊ विमान ताशी सुमारे 770 किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवले. विमानाचा भुगा झाला, ठोकळा उभाच राहिला. पण तो ठोकळा साडेतीन मीटरहून जाड, भरीव आणि केवळ धडकेचा जोर मोजण्यासाठी बांधलेला होता. त्यावरून पोकळ इमारतीची हमी देता येत नाही. शिवाय भिंत टिकली म्हणजे धोका टळला, हे गृहीतकच अपुरे आहे. भट्टी बंद केल्यावरही इंधनातून उष्णता निघत राहते आणि ती सतत पाण्याने वाहून न्यावी लागते. त्यासाठी लागणारे पंप, वीजतारा, जनित्रे यांतले बरेच काही जाड कवचाच्या बाहेर असते. 11 मार्च 2011 ला फुकुशिमातल्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने जनित्रे बुडवली आणि तीन गाभे वितळले.

भिलाईच्या कॅम्प-1 मधल्या वाचकाला हे पटवायला जपान गाठावे लागत नाही. 12 जून 2014 ला पोलाद कारखान्यात झोतभट्टी फुटली नव्हती. पंप हाऊसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब पडला, कार्बन मोनॉक्साइड गळला आणि 6 जण गेले. पोलादाची भट्टी आणि अणुभट्टी यांची तुलना मर्यादितच, हे मान्य; पण अवाढव्य यंत्रणेचा जीव तिच्या पाण्यात असतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

अणुभट्टीवर विमान कोसळण्याची शक्यता नगण्य आहे, असा आक्षेप येतो. अपघातापुरता तो खराही आहे. मात्र हे गणित भट्टीवरच्या आकाशातून किती विमाने जातात यावर बसवलेले असते. 1969 पासून अणुवीज देणाऱ्या तारापूरच्या किनाऱ्यावर, उत्तरेला वाढवण बंदर होते आहे आणि त्या परिसरात विमानतळाचाही प्रस्ताव आहे. म्हणजे जुना आकडा पुन्हा मांडावाच लागेल. आणि 11 सप्टेंबर 2001 नंतर हेतुपुरस्सर धडकेला शक्यतेचे गणित लागूच पडत नाही. दुसरा आक्षेप गुप्ततेचा: असे बोलल्याने घातपात्यांना वाट दिसते. भिंतींची मापे, पंपांच्या जागा खुशाल झाकून ठेवाव्यात. निकष मात्र सांगता येतो. अमेरिकेने 2009 मध्ये नव्या भट्ट्यांसाठी तो जाहीरच केला: मोठे प्रवासी विमान आदळले तरी गाभा थंड राहिला पाहिजे किंवा कवच शाबूत राहिले पाहिजे, आणि वापरलेल्या इंधनाचा तलावही सुरक्षित राहिला पाहिजे.

अणुऊर्जा नियामक मंडळाने हाच निकष तारापूरच्या जुन्या-नव्या चारही भट्ट्यांना लावावा, आणि त्या उतरल्या की नाही एवढे तरी पालघरच्या लोकांना विमानतळाची जागा ठरण्याआधी सांगावे.