चिंटूनं पेपर बदलला तेव्हा

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमच्या लहानपणी कॉमिकमधला वेताळ भाड्यानं मिळायचा. कोपरे दुमडलेला, मधलं एखादं पान गायब. इंद्रजालचा अंक आज कुणाकडं, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. वेताळ मुळात कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही.

विचारलं असतं तर उत्तर ऐकून चाट पडलो असतो. ली फॉकनं १९३६ मध्ये वेताळ जन्माला घातला, १९९९ मध्ये मरेपर्यंत लिहिला, आणि मालक राहिली किंग फीचर्स ही कंपनी. सीगल आणि शुस्टर यांनी तर १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. आपल्याकडं वेगळं काय होतं? १९८३ मध्ये सुपंडीला चेहरा दिला राम वाईरकरांनी; मुलं ओळखतात ती टिंकलचा सुपंडी म्हणून.

चिंटू मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्याच्या आत्यानं पाठवलेल्या चिवड्याच्या पुड्यावर. तेलकट डागाखाली तीन-चार चौकटी आणि एक खट्याळ पोरगा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मध्ये त्याला आणलं. गंमत बघा, पुढच्याच वर्षी अमेरिकेत मार्व्हलचे सात चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढलं: जो काढेल, पात्र त्याचं. त्याचा जगभर गाजावाजा झाला. पुण्यातल्या दोघांबद्दल तसं कुणी बोललं नाही.

पण पुढं चिंटू 'लोकसत्ता'त गेला. आमच्याकडं तो पेपर रोज यायचा, म्हणून आम्ही खूश. त्यातली खरी बातमी कळायला मला वर्षं लागली. पेपर बदलला आणि पोरगा बापांबरोबर गेला! वेताळाला हे कधी जमलं नसतं. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपटही काढला.

स्वतःच्या मालकीची कॉमिक पुस्तकं मराठीत रुजली नाहीत. आपल्याकडं रुजली ती पेपरातली पट्टी. माझ्या मते वाचकांपेक्षा प्रकाशकच जास्त कचरले.

आता वसाहतीतली पोरं मोबाइलवर चित्रं काढतात. त्यांना एवढंच सांगतो: हक्क देण्याच्या कागदावर सही करण्याआधी मुदत वाचा. ती लिहिलेली नसेल, तर १९५७ चा कॉपीराइट कायदा पाच वर्षंच धरतो.