पेटीवरचा गंधार, गिटारवरचा स्विंग

हिंगोलीत भजनाच्या पेटीवर सरगम गिरवली आणि पुण्यात पहिल्या पगारातून गिटार घेतली? मग रॉकाबिली तुमच्यासाठीच आहे, बॉस! रॉक अँड रोल आणि अमेरिकन गावरान कंट्री यांचं हे झकास मिश्रण. पण त्याच त्या लिक्स, म्हणजे छोट्या सुरावटी, घोटून कंटाळलात? मग थोडा जॅझ मिसळा.

तसं हे जुनंच. १९५४ मध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ गाणारे बिल हेली आधी वेस्टर्न स्विंग वाजवायचे. स्विंग म्हणजे टेक्सासच्या फिडलला जॅझचा झोका.

फंडा सोपाय. ‘ए’ हा सा धरा. सा-ग-प-ध वाजवा, झाली सिक्स्थ कॉर्ड, स्विंगचा आत्मा! आता कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरा. कॉर्ड ‘डी सेव्हन’ झाली, की कोमल गंधारावरच थांबा; तो तिथे अगदी चपखल बसतो. लय? मात्रेचे तीन भाग करा. पहिल्या सुराला दोन, दुसऱ्याला एक.

परकं वाटतंय? पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र शास्त्रीय संगीत शिकलेले. तरीही गोव्याच्या जॅझवाल्यांना सोबत घेऊन त्यांनी १९५७ मध्ये ‘आशा’साठी ‘ईना मीना डीका’ केलं. सरगम त्यांच्या आड आली नाही. तुमच्याही येणार नाही.

तेव्हा आज ऑफिसातून आल्यावर टीव्ही बंद. गिटार काढा, गंधार शोधा!