जुन्या सायकलला नवी चाकं

पाथरीतल्या पावसाळी रस्त्यावर जुनी पोलादी सायकल ब्रेक दाबूनही लवकर थांबत नाही. स्टीलच्या गुळगुळीत रिमवर पाणी बसलं, की रबराची पकड फार कमी होते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ती बरीच टिकते. शिवाय ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असल्यानं चाकही हलकं होतं.

रिम बदलण्यापूर्वी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. जुन्या रेसिंग सायकलच्या २७ इंची चाकावर टायर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर, तर आजच्या '७०० सी' चाकावर ६२२. म्हणजे ब्रेकचं रबर ४ मिलिमीटर खाली सरकवता आलं पाहिजे. नेहमीच्या २८ इंची काळ्या सायकलचा व्यास ६३५. तिच्या दांडी-ब्रेकचं रबर रिमला आतून दाबतं, म्हणून तिला तशीच रिम लागते.

मागच्या हबची रुंदीही मोजा. जुन्या रेसिंग फ्रेममध्ये ती बहुधा १२० किंवा १२६ मिलिमीटर असते, नव्या हबची १३०. पोलादी फ्रेम कुशल कारागीर किंचित रुंदावू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हे करू नये. आधी मोजमाप, मग खरेदी. चांगली पोलादी फ्रेम भंगारात देण्याआधी एवढं नक्की करा.