तांबड्या खडकांचा मुलूख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्याने सह्याद्रीतील गडकोट पायांखाली घातले, भर पावसात निसरड्या काळ्या कातळावरून वाट काढली, त्याला अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात सरकारी वाटाड्याच्या मागोमाग करावयाची एका दिवसाची पायपीट पोरखेळ वाटावी हे स्वाभाविक आहे. तरीही त्या मुलखाविषयीच्या आपल्या रूढ समजुती तपासून पाहिल्यावाचून तेथे कोणी पाऊल ठेवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मोआब गावाशेजारचे आर्चेस उद्यानच घ्या. १९२९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण लाभलेल्या आणि १९७१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा पावलेल्या या भूमीत २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. आणि त्या वाऱ्याने कोरल्या, हा पहिला गैरसमज होय. वाऱ्याचे कर्तृत्व सुटी झालेली वाळू उडवून नेण्यापुरते. खरा कारागीर पाणी. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांनी मागे ठेवलेला मिठाचा जाड थर वरच्या खडकांच्या भाराखाली सरकला, फुगला, खचला, आणि वरचा वालुकाश्म समांतर भेगांनी चिरला गेला. त्या भेगांत मुरलेल्या पावसाने वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळविला, हिवाळ्यात तेच पाणी गोठून पाचरीसारखे खडक फोडीत राहिले, आणि मागे ज्या पातळ भिंती उरल्या त्यांना पडलेली भगदाडे म्हणजेच या कमानी. वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याने एवढे घडविले. खडकांचा रंगही उन्हाने भाजल्याचा नव्हे. तो लोहाच्या गंजाचा आहे. आणि कमानी अक्षय आहेत हेही खरे नाही : १९९१ साली लँडस्केप कमानीचा सुमारे ६० फूट लांबीचा पापुद्रा कोसळला, तर २००८ साली वॉल कमान एका रात्रीत जमीनदोस्त झाली.

याच उद्यानात फायरी फर्नेस, म्हणजे धगधगती भट्टी, नावाचा खडकांचा चक्रव्यूह आहे. नाव ऐकून तेथे अंग होरपळेल असे वाटते. परंतु मावळतीच्या प्रकाशात भिंती निखाऱ्यांसारख्या उजळतात म्हणून ते नाव पडले, आत तर उंच भिंतींची सावली असते. तेथे नेहमीची आखीव पायवाट नाही, उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रे भिंतींमध्ये दगा देतात, आणि उद्यानाच्या रेंजरसोबत किंवा रीतसर परवाना घेऊनच प्रवेश मिळतो. हा बंदोबस्त केवळ दुबळ्यांसाठी आहे, ही समजूत चुकीची. तो बराचसा जमिनीसाठी आहे. ओसाड भासणाऱ्या मातीवरची काळपट, खडबडीत साय सजीव असते : सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण विणून ती धरलेली असते, आणि एका बेसावध पावलाने मोडली तर ती भरून यावयास दशके लागतात. म्हणून रेंजर खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतूनच माणसे नेतो.

डोक्यावर आकाश निरभ्र असले म्हणजे धोका नाही, ही समजूत सर्वांत घातक. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनातील नावाहो लोकांच्या भूमीवरील अँटिलोप घळीत, कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा शिरून ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. वाचला तो एक वाटाड्या. आज तेथे वाटाड्यावाचून प्रवेश नाही. पण वाटाड्या सोबत असला की आपण निश्चिंत, हा निष्कर्षही त्या दिवसाने खोटा पाडला आहे. तेव्हा त्याने मागे फिरण्याची ताकीद देताच, पैसे भरले आहेत म्हणून हुज्जत घालू नये.

राहिली तहान. कोकणात घामाने सदरा चिंब होतो, तेव्हा शरीर काय गमावते ते दिसते. युटाच्या शुष्क हवेत घाम निघताक्षणी उडून जातो, आणि तहान लागेपर्यंत शरीर सुकू लागलेले असते. माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी, आणि नुसत्या पाण्याने क्षार कमी पडू नयेत म्हणून काही खारट खाद्य, एवढे बरोबर हवेच. आर्चेसमध्ये पिण्याचे पाणी प्रवेशाजवळच्या माहिती केंद्रात आणि डेव्हिल्स गार्डन येथे मिळते. फायरी फर्नेसच्या तोंडाशी नळ नाही.