नीती आणि नाती (लेखांक ५) : आईला न्हाऊ कोण घालतं?

१६४२ साली टॉमस हॉब्जने एक कल्पना मांडली. माणसं अळंबीसारखी जमिनीतून उगवली आणि एकदम मोठी झाली, कुणी कुणाचं काही लागत नाही, असं धरून चला. मग त्यांच्यात करार कसे होतील ते पाहू. पुढे तीनेक शतकं पाश्चात्त्य नीतिशास्त्रातला माणूस बराचसा असाच राहिला: धडधाकट, स्वतंत्र, करारमदार करायला मोकळा. त्याची दुपटी कुणी धुतली, हे विचारायचं राहूनच गेलं.

‘काळजीची नीती’ मांडणाऱ्या, मागच्या लेखांकात पाहिलेल्या कॅरोल गिलिगननंतर हा प्रश्न नेटाने विचारला तो सारा रडिकने, १९८९ च्या ‘मॅटर्नल थिंकिंग’मध्ये. आईपण म्हणजे नुसती माया नव्हे, ते काम आहे आणि त्या कामातून विचार घडतो, असं तिचं म्हणणं. मूल रात्री दोनला रडतं. भूक म्हणावी तर आत्ताच पाजलंय. पोट दुखतंय? दुपटं ओलं? अंदाज बांधायचा, चुकला की सोडून द्यायचा, पुन्हा मुलाकडे बघायचं. हे काम पुरुषही करू शकतो, असं रडिक स्पष्ट सांगते. (आपल्याकडे हे वाक्य अजून धीटच वाटतं.)

पण यात एक खाच आहे. तान्हं मूल सगळं मागतं. परतफेड करू शकत नाही. मग देणारी रिकामी होत गेली तर? ‘काळजीची नीती’ म्हणजे बाईला पुन्हा पाळण्याशी बांधणं, हा आक्षेप स्त्रीवाद्यांनीच घेतला, आणि तो खोटा नाही.

ईव्हा किटे हिने १९९९ मध्ये यावर दिलेलं उत्तर मला सगळ्यांत पटतं. तिची स्वतःची मुलगी आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणारी, त्यामुळे हा प्रश्न तिच्या घरातलाच होता. ‘डूला’ म्हणजे बाळाला नव्हे, बाळंतिणीला सांभाळणारी बाई. त्यावरून किटेने ‘डूलिया’ हे तत्त्व मांडलं: जी सांभाळते, तिला सांभाळणं ही समाजाची जबाबदारी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र दासी.

आपल्याला हे शिकवायला नको. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना. पाटावर पाय पसरून, नडग्यांवर बाळ पालथं घेऊन चोळणाऱ्या मावशी आधी बाळंतिणीचं अंग चोळतात, मग बाळाचं. पण त्या मावशींचं काय? २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघरही. घरोघर फिरून न्हाऊ घालणारी बाई मात्र कुठल्याच आस्थापनेत बसत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारलं, तुम्ही बाळंतपणानंतर कधी कामाला लागलात? “सव्वा महिनाही नाही झाला. पोराला थोरलीपाशी ठेवून यायचे,” त्या म्हणाल्या, आणि पाणी निवतंय म्हणून उठल्या. थोरली तेव्हा सात वर्षांची होती.