मोडेमपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती

टिटवाळ्याच्या काकांनी बोलावलं ते ‘नेट लागत नाही’ म्हणून. संगणकावर उबुंटू १०.०४ आणि जोडीला यूएसबीचं सीडीएमए डाटाकार्ड. ही कार्डं तेव्हा दिसायला नवी होती, पण काम जुन्या मोडेमचंच: #७७७ हा नंबर लावायचा, पलीकडून होकार आला की पीपीपीने जोडणी करायची. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवर हेच चालायचं.

काकांनी कार्ड काढून-घालून पाहिलं होतं, रेंजसाठी खिडकीपाशीही नेलं होतं. मी टर्मिनल उघडून डब्ल्यूव्हीडायल हा नंबर लावणारा प्रोग्राम चालवला. लगेच इंग्रजीत ओळ उमटली: सामायिक लायब्ररी लोड करता येत नाही, लिबडब्ल्यूव्हीयुटिल्सची ४.६ आवृत्ती सापडत नाही. रेंज, कार्ड, नंबर यांचा त्यात उल्लेखही नव्हता. प्रोग्राम सुरू होण्याआधी लोडर त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या गोळा करतो. त्यातली एक जरी मिळाली नाही, तरी प्रोग्रामची पहिली आज्ञासुद्धा चालत नाही.

“तुमच्या कार्डाला अजून कुणी हाकच मारलेली नाही, काका.”

प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ने यादी काढली, तर एक नाही, बऱ्याच लायब्रऱ्या गायब. कारण विचारल्यावर कळलं: भाच्याने त्याच्या संगणकावरून प्रोग्रामची तेवढी एकच फाइल पेनड्राइव्हवर आणली होती. इमारतीला गच्चीवर एक टाकी असते, घरोघरी फक्त नळ; सामायिक लायब्रऱ्या म्हणजे ती टाकी, प्रोग्राम म्हणजे नळ. त्याने नळ तेवढा उचलून आणला होता.

अशा वेळी बरेच जण जवळपासच्या आवृत्तीची फाइल शोधून तिला हव्या त्या नावाचा दुवा जोडतात. मला ते पटत नाही. आतली फंक्शनं बदललेली असली, तर आत्ताची स्वच्छ चूक जाऊन तिच्या जागी गूढ चूक येते. नावात आवृत्तीचा आकडा घातलेला असतो तो त्यासाठीच.

योग्य आवृत्तीची पॅकेजं उतरवूनच घ्यायला हवी होती. नेट दुरुस्त करायला नेटच हवं, ही यातली खरी अडचण. निघण्याआधी ‘यूनेम’ने यंत्र ३२ बिटांचं असल्याची खात्री केली, कारण ६४ बिटांची पॅकेजं इथे बसली नसती. मग लोकल पकडून आंबिवली, शहाड मागे टाकत कल्याणच्या सायबर कॅफेत. उबुंटूच्या साठ्यातून डब्ल्यूव्हीडायलचं पॅकेज घेतलं. ते हरवलेल्या लायब्रऱ्यांची पॅकेजं मागतं: डब्ल्यूव्हीस्ट्रीम्सचे दोन भाग, शिवाय युनिकॉन्फ. आणि त्यांनाही पुन्हा दुसरी पॅकेजं लागू शकतात. ही साखळी शेवटपर्यंत तपासूनच उठलो, नाहीतर त्याच दिवशी परत कल्याण.

घरी आल्यावर भाच्याची फाइल काढून टाकली आणि सगळी पॅकेजं एकदमच ती बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला दिली, म्हणजे आधी कोणतं बसवायचं ते तोच ठरवतो. ‘एलडीडी’च्या यादीत आता प्रत्येक नावापुढे पत्ता होता. ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ने कार्ड शोधलं, नंबर आणि पासवर्ड मी भरला आणि डब्ल्यूव्हीडायल पुन्हा चालवला. पडद्यावर मोडेमशी झालेलं बोलणं उमटलं: एटीझेड, ओके, कनेक्ट, आणि खाली आयपी पत्ता.

काका लगेच रेल्वेच्या आरक्षणाकडे वळले. मी ती पॅकेजं त्यांच्या एका फोल्डरमध्ये ठेवली आणि भाच्याला फोनवर सांगितलं, “उबुंटू पुन्हा टाकशील तेव्हा आधी हा फोल्डर पेनड्राइव्हवर घे.”