उष्मापेटीपलीकडचे हात

कोपरला थांबणारी धीमी लोकल पुढे शीव स्थानकातही थांबते. तेथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अकाली जन्मलेले बाळ जगविताना यंत्रांइतकेच आईचे दूध आणि जाणत्या परिचारिकेचे स्वच्छ हात मोलाचे असतात, याची ती पेढी साक्ष होय.

हे जाणतेपण सहज येत नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एमडीची तीन आणि नवजात शिशुशास्त्रातील डीएमची आणखी तीन, अशा साडेअकरा वर्षांनी या शाखेचा तज्ज्ञ घडतो. परिचारिकांसाठी मूळ शिक्षणानंतर एक वर्षाची स्वतंत्र पदविका असते. कधी किलोभरही न भरणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू कमी पडला तर मेंदूस इजा होते; अधिक झाला तर दृष्टिपटल दुखावून अंधत्व येऊ शकते. ही मात्रा यंत्र मोजते. ती किती ठेवावी, हे शिकलेली नजरच ठरविते.

रुग्णालयास उष्मापेटी देणाऱ्या दात्याचे नाव पेटीवर झळकते. परिचारिकेच्या वर्षभराच्या शिक्षणाचा भार उचलणाऱ्याचे नाव सहसा कोठेही दिसत नाही. व्यापारी कुटुंबांनी दान काढताना मात्र एक हिशेब अवश्य मांडावा : यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने घटते, शिकलेल्या हातांचे मोल प्रत्येक बाळागणिक वाढत जाते.